चिनी काष्ठौषधी : त्यांची पारख व निर्धोकता

औषधी वनस्पतींची लागवड करावी कीं नाहीं, याविषयीं आपल्या शेतकरी बंधूंकडून अलीकडे वारंवार विचारणा होत असते. अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी यांचें बियाणें, उतारा व भाव यांचीच चर्चा तींत अधिक असते. माल कोणाच्या पोटांत जाणार आणि तेथें तो काय करणार, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. या धंद्यांत आपल्या पुढें गेलेला, शेंकडों वर्षें काष्ठौषधी शेतांत पिकवीत आलेला देश म्हणजे चीन. तेथील मालानें जगाचा लाभ झाला तशी हानिही झाली. आणि त्या हानीचीं कारणें शोधूं गेल्यास तीं वैद्याच्या दुकानापेक्षां शेतांत, खळ्यांत व वखारींत अधिक सांपडतात. म्हणून हा विषय वैद्यांइतकाच आपलाही आहे असें समजून तो येथें मांडीत आहें.

पहिला दोष नांवाचा. बेल्जम देशाची राजधानी ब्रुसेल्स येथें एका उपचारगृहांत लठ्ठपणा कमी करण्याचा उपचार चालत असे. १९९० सालीं त्या उपचाराच्या औषधांत दोन चिनी वनस्पतींची भर घालण्यांत आली. त्यांतील एकीचें नांव फांग-ची. आतां फांग-ची या एका नांवाखालीं चीनच्या बाजारांत निरनिराळ्या मुळ्या विकल्या जात. हान-फांग-ची ही स्टेफानिया नांवाच्या वेलीची मुळी. ही वेल आपल्या गुळवेलीच्याच कुळांतील असून त्या उपचारास तीच हवी होती. क्वांग-फांग-ची ही मात्र अरिस्टोलोकिया नांवाच्या अगदीं वेगळ्या वेलीची. दोन्ही मुळ्या वाळवून, चकत्या करून पोत्यांत भरल्या कीं आडत्याला त्या सारख्याच. ब्रुसेल्सला पोंचलेल्या मालांत ही दुसरी निघाली.

१९९२ सालीं दोन स्त्रियांचीं मूत्रपिंडें निकामी झालेलीं पाहून तेथील डॉक्टरांस संशय आला. शोध घेतां घेतां अशा रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली. पुष्कळांना यंत्राच्या साहाय्यानें रक्त शुद्ध करून घेण्याची किंवा दुसऱ्याचें मूत्रपिंड बसवून घेण्याची पाळी आली. दुखणें एवढ्यावर थांबलें नाहीं. ज्यांनीं आपलीं निकामी मूत्रपिंडें काढून घेतलीं अशा ३९ जणांच्या तपासणीची हकीकत २००० सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला. अरिस्टोलोकियाच्या वेलींत असणारें एक विशिष्ट आम्ल हें याचें मूळ. तें पोटांत जातांच माणूस आजारी पडत नाहीं, म्हणून संशयही येत नाहीं. मूत्रपिंड मात्र आंतल्या आंत आक्रसत जातें, आणि कर्करोग तर औषध सोडल्यानंतर कित्येक वर्षांनीं डोकें वर काढतो.

ज्यांनीं जमिनीचें दप्तर सांभाळलें आहे त्यांस हा घोटाळा नवा वाटणार नाहीं. एका गांवांत 'माळाचें शेत' म्हणून चार तुकडे असतात, आणि एकाच नांवाचे तीन खातेदार असतात. म्हणूनच बापाचें नांव, आडनांव, सर्व्हे नंबर व हिस्सा यांवांचून फेरफाराची नोंद होत नाहीं. नुसत्या नांवावर भिस्त ठेवल्यामुळें दोन-दोन पिढ्या चाललेले तंटे मीं कारकुनींत असतांना पुष्कळ पाहिले. वनस्पतिशास्त्रांतील दोन शब्दांचें लॅटिन नांव हा त्या वनस्पतीचा सर्व्हे नंबर समजावा. उच्चारायला तें अवघड आहे खरें. पण खरेदीच्या कागदावर तें असल्यावर 'आम्हांस दुसरी वाटली' असें म्हणायला जागा राहात नाहीं.

परदेशी लोकांच्या अज्ञानामुळेंच हें झालें असें म्हणावें, तर खुद्द चीनमध्यें तोच प्रकार घडला. मू-थुंग या नांवानें पूर्वीं अकेबिया नामक वेलीचें खोड वापरीत. पुढें त्याच्या जागीं मांचुरियाकडील अरिस्टोलोकियाचें खोड येऊं लागलें व तें सरकारी औषधकोशांतही शिरलें. मूत्रपिंडाचे रुग्ण दिसूं लागल्यावर २००३ सालीं चीन सरकारनें त्याचा, व २००४ सालीं क्वांग-फांग-चीचा, औषधांतील उपयोग बंद केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें अरिस्टोलोकियायुक्त औषधांस २००२ सालींच, माणसांस निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या वर्गांत घातलें होतें.

आपल्या घरांतही चीनची एक काष्ठौषधी रोज असते, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. मसाल्यांतील चक्रीफूल, ज्यास कोणी बाद्यान म्हणतात, तें मूळचें दक्षिण चीनमधील क्वांग-शी प्रांताकडचें. त्याच जातीचें दुसरें एक झाड जपानांत देवळांच्या व स्मशानांच्या आवारांत लावतात. त्याचीं फळें हुबेहुब तशींच दिसतात, परंतु तीं विषारी असून झटके आणतात. २००१ सालीं हॉलंडमध्यें चक्रीफुलाचा काढा प्यालेले सुमारें साठ लोक आजारी पडले, तें या जपानी फळांच्या भेसळीमुळें. अखंड फळ वासावरून जाणत्यास थोडेंफार ओळखतां येतें; तुकडे अगर पूड झाल्यावर प्रयोगशाळेवांचून इलाज नाहीं. लहान मुलांस पोटदुखीवर चक्रीफुलाचें पाणी पाजण्याची जेथें चाल आहे, तेथील बायकांच्या कानांवर ही गोष्ट अवश्य घालावी.

वनस्पतीची गल्लत बाजारांतच होते असें नाहीं. ती पेरलेल्या शेतांतही होते, आणि ज्यानें औषधाचें नांवही घेतलें नाहीं अशा माणसास भोंवते. पिवळ्या धोतऱ्याचें बीं मोहरींत मिसळून निघालेल्या तेलामुळें १९९८ सालीं दिल्लींत साठांहून अधिक माणसें दगावलीं, हें आपणांस आठवत असेल. तसाच, पण फार संथपणें चाललेला प्रकार युरोपांत डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकांठीं होता. बल्गेरिया, रुमानिया, सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया या देशांतील कांहीं खेड्यांत शेतकऱ्यांचीं मूत्रपिंडें उतारवयांत निकामी होत व पुष्कळांस मूत्रमार्गाचा कर्करोगही होई. एका गांवांत रोग, शेजारच्या गांवांत नाहीं. एका घरांत तिघे आजारी, पलीकडचें घर ठणठणीत. १९५० नंतर डॉक्टरांचें लक्ष तिकडे गेलें. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी बुरशीस, कोणी रक्तास.

वस्तुतः त्या भागांतील गव्हांत अरिस्टोलोकियाच्याच जातीचें, हृदयाकृति पानांचें तण माजत असे. त्याचें बीं गव्हाबरोबरच पिके, गव्हाबरोबरच कापलें व मळलें जाई आणि गव्हाबरोबरच दळलें जाऊन भाकरींत उतरे. हा तर्क १९६९ सालीं एका संशोधकानें मांडला होता. परंतु ब्रुसेल्सची हकीकत बाहेर पडेपर्यंत त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. २००७ सालीं त्या खेड्यांतील रुग्णांच्या मूत्रपिंडांत त्या विषाच्या खुणा प्रत्यक्ष सांपडल्यावर मात्र शंका उरली नाहीं. खुरपणीची एक मजुरी वांचविण्याची किंमत तेथें अशी पडली. त्या शेतकऱ्यांस हें कोणीं सांगितलेंच नव्हतें, म्हणून त्यांना दोष देतां येत नाहीं; आपल्याला मात्र आतां सांगितलें आहे.

कारण अरिस्टोलोकिया आपल्या बांधावरही आहे. कोंकणांतील व घाटांतील सापसंद ही त्याच जातीची वेल. देशावर काळ्या जमिनींत पसरणारी किडामारीही तींतलीच. सापाच्या विषावर, जंतांवर व तापावर यांच्या मुळ्या-पानांचा रस देण्याची जुनी चाल आहे. वडिलांचें ज्ञान मी कमी लेखीत नाहीं. परंतु वीस वर्षांनीं उद्भवणाऱ्या रोगाचा संबंध वीस वर्षांपूर्वींच्या रसाशीं जोडण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. या दोहोंचें कांहींही पोटांत घेऊं नये व दुसऱ्यास देऊं नये. साप चावल्यास रुग्णालयांतील प्रतिविषाची लस हाच उपाय, आणि तेथें पोंचण्यांत वेळ दवडूं नये.

आतां दुसरा दोष, संस्काराचा. चीनमधील सेचुआन प्रांतांत च्यांग-यू येथें बचनागाच्या जातीची लागवड पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिच्या बाजूच्या कंदांस फू-त्स म्हणतात, आणि चिनी वैद्यकांत त्याला मोठा मान आहे. कच्चा कंद म्हणजे प्रत्यक्ष मृत्यु; त्यांतील विष दोन मिलिग्रॅम शुद्ध स्वरूपांत पोटांत गेलें तरी माणूस मरूं शकतो. म्हणून कंद खणल्याबरोबर मिठागरांतून उरणाऱ्या कडू खारवणांत भिजत घालतात, मग उकळतात, चकत्या करतात, पुन्हां धुतात व वाफवतात. उष्णता व पाणी यांनीं विषाचा रेणू फुटून त्याचें फार सौम्य द्रव्य बनतें. आपले वैद्य बचनाग गोमूत्रांत शुद्ध करीत आले, त्यांतही हेतु विष मारण्याचाच. पण घाईचा व्यापारी भिजवणीचे दिवस कमी करतो, आणि घरची गृहिणी काढा तासभर उकळायचा तो पाव तासांत उतरविते. हाँगकाँगांत अशा काढ्यांनीं १९८९ सालीं माणसें मेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. वनस्पति खरी, नांव खरें, तरीही प्राणघात. म्हणून अशा मुळ्या घरीं शुद्ध करण्याच्या भानगडींत पडूं नये.

तिसरा दोष जमिनीचा व लोभाचा. चिनी लोक ज्या प्रांतांत जी वनस्पति उत्तम येते तिला तेथील 'ताओ-ती' म्हणतात. आपण देवगड-रत्नागिरीच्या हापुसास मानतों, तसेंच तें. युन्नान प्रांतांत वन-शान जिल्ह्यांत सान-छी नांवाची मुळी होते. मांडवाच्या सावलींत तिला सुमारें तीन वर्षें ठेवावी लागते, आणि मुळी जितकी मोठी तितका दर अधिक. परंतु तिचा बेवड फार वाईट. एकदां घेतलेल्या जमिनींत पुन्हां आठ-दहा वर्षें ती नीट येत नाहीं, मुळें कुजतात. मग शेतकरी बुरशीनाशकांचा मारा करतो, नाहीं तर नवी जमीन शोधतो, आणि त्या भागांतील कांहीं जमिनींत सोमलाचा अंश अधिक असल्यामुळें तो मुळींत उतरतो. सेचुआनमध्यें मै-मन-तुंग या कंदमुळाचे शेतकरी मुळें फुगविण्यासाठीं पॅक्लोब्युट्राझॉल घालूं लागले. आपले आंबेवाले मोहोरासाठीं झाडाच्या बुंध्यांशीं घालतात, तेंच हें औषध. वजन खूप वाढलें, गुण घटला. औषधाचें पीक वजनावर विकलें जातें तोंपर्यंत हें चालणारच.

गंधकाच्या धुरीविषयीं आपल्या सांगली-तासगांवकडील बेदाणेवाल्यांस अधिक सांगावयास नको. धुरीनें माल पांढरा-पिवळा दिसतो, किडत नाहीं, आणि अर्धवट वाळलेलाही खपतो. चीनमध्यें कंद व मुळ्या वाळवितांना ही धुरी बेसुमार होऊं लागली, तेव्हां औषधकोशांत तिची मर्यादा घालावी लागली : सामान्य मालास दर किलोस १५० मिलिग्रॅम, व ज्यांना धुरीवांचून वाळविणें कठीण अशा दहा कंदमुळांस ४००. २०२० च्या आवृत्तींत ३३ बंदी घातलेल्या कीटकनाशकांचा अंशही सांपडतां कामा नये असा नियम झाला. नियम चांगले आहेत. पण लहान शेतकऱ्याचें पोतें अनेक दलालांच्या हातून जाऊन एका ढिगांत पडतें, तेथें कोणाचें कोणतें हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. अतिशय पांढरी, चकचकीत, आंबट वासाची मुळी दिसल्यास ती धुरीची समजावी.

दुकानांतील भेसळीचा उल्लेख थोडक्यांतच करतों, कारण तींत शेतकऱ्याचा हात नसतो. अमेरिकेंत पीसी-स्पेस या नांवाचें, आठ वनस्पतींचें म्हणून विकलें जाणारें औषध २००२ सालीं परत मागविलें गेलें. त्यांत रक्त पातळ करणारें विलायती औषध आढळलें होतें. 'शुद्ध वनस्पतिजन्य' औषधानें दोन दिवसांत सांधे मोकळे झाले, तर आनंदापेक्षां संशय अधिक वाटला पाहिजे.

याचा अर्थ चिनी काष्ठौषधी टाकाऊ असा कोणी घेऊं नये. हिंवतापावर आज जगभर वापरलें जाणारें आर्टेमिसिनिन हें द्रव्य छिंग-हाव या चिनी वनस्पतींतूनच निघालें, आणि त्यासाठीं थू यूयू या संशोधिकेस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. चौथ्या शतकांतील को हुंग याच्या ग्रंथांत ती वनस्पति उकळावी असें नसून पाण्यांत भिजवून, पिळून रस घ्यावा असें होतें. यावरून बाईंनीं ताडलें कीं उकळल्यानें गुण नासतो, आणि १९७१ सालीं कमी उष्णतेवर अर्क काढला. त्यांचा दुसरा अनुभव आपल्या कामाचा आहे : गुण पानांत होता, काड्यांत नव्हता, पेकिंगच्या आसपासच्या झाडांत तो अगदीं थोडा, सेचुआनच्या झाडांत पुष्कळ. नांव एक, वनस्पति एक, तरी शेत बदललें कीं औषध बदललें.

जे औषधें घेतात त्यांनीं नांव-पत्ता नसलेली पूड घेऊं नये, आणि घेत असल्यास रक्तदाबाचा, मधुमेहाचा वा मूत्रपिंडाचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून तें लपवूं नये. गर्भिणी व लहान मुलें यांस तर विचारल्यावांचून कांहीं देऊंच नये.

जे पिकवितात त्यांनीं पहिल्या वर्षीं फुलोऱ्यांत आलेलें एक झाड मुळासकट उपटून, वर्तमानपत्राच्या घडींत दाबून वाळवावें व कृषिविद्यापीठांत अगर महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून त्याचें लॅटिन नांव लिहून आणावें. तो कागद सातबाराच्या उताऱ्याबरोबर ठेवावा. काढणीच्या आधीं वाफ्यांतून फिरून परकें तण हातानें उपटावें. यंत्रानें कापल्यावर तें निवडणें शक्य नाहीं. मुळ्या सिमेंटच्या खळ्यावर किंवा ताडपत्रीवर वाळवाव्या, रासायनिक खतांच्या रिकाम्या गोण्यांत मुळींच भरूं नयेत. प्रत्येक खेपेंतील पावशेर माल बरणींत घालून, तारीख लिहून, दोन वर्षें जपून ठेवावा. पुढें तक्रार आलीच तर दाखवावयास तो आपला साक्षीदार. पोत्यावर वनस्पतीचें नांव, गट नंबर व काढणीचा महिना लिहिलेली चिठ्ठी शिवावी आणि तशीच दुसरी चिठ्ठी पोत्याच्या आंत टाकावी, कारण बाहेरची वाटेंत फाटते.