आधी वेदना, मग उपदेश



आजचं वाचन शांतिपर्वातलं, राजधर्माचा उपदेश सुरू होण्याच्या अगदी आधीचं. युद्ध संपलंय. युधिष्ठिराला राज्य मिळालंय, पण त्याचं मन त्यात नाही. श्रीकृष्ण त्याला सांगतात, पितामह अजून आहेत, ते गेले की त्यांच्याबरोबर खूप काही जाईल, जे विचारायचं ते आत्ताच विचार. मग सगळे कुरुक्षेत्रावर येतात. भीष्म बाणांवर पडून उत्तरायणाची वाट बघतायत.

शरशय्या म्हटलं की आपल्याला कॅलेंडरवरचं किंवा टीव्हीतलं चित्र आठवतं. पांढरी दाढी, अंगभर बाण आणि चेहरा एकदम शांत. मूळ ग्रंथातले भीष्म मात्र वेगळे आहेत. कृष्ण त्यांना धर्म सांगायची विनंती करतात, तेव्हा ते चक्क नकार देतात. साक्षात तुझ्यासमोर मी काय बोलणार, हा संकोच आहेच. पण दुसरं कारण ते अगदी सरळ सांगतात: बाणांच्या वेदनेनं मन व्याकूळ झालंय, अंग गळून गेलंय, बुद्धी स्वच्छ राहिलेली नाही, शब्द सुचत नाहीत.

हे कोण बोलतंय? आयुष्यभराचं ब्रह्मचर्य पाळलेला, इच्छामरणाचा वर असलेला माणूस. त्यालासुद्धा दुखण्यानं सुचेनासं होतं आणि ते सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटत नाही.

ज्यांना कायमचं दुखणं आहे त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. माझं कमरेचं दुखणं आता सहाव्या वर्षात आहे. हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसायचं, येता-जाता खड्डे, हे पुण्यात निम्म्या लोकांचं आयुष्य आहे, त्यामुळे कोणाला त्याचं विशेष वाटत नाही. रात्री तीनला कूस बदलताना जाग येते. सकाळी स्टँडअपमध्ये साधा शब्द आठवत नाही. मित्रांनी सिंहगडाचा बेत केला की आपण आधीच नाही म्हणतो, मग ते विचारायचं सोडून देतात. जप करायला बसलं की लक्ष नामाकडे कमी आणि मांडीतून उतरणाऱ्या कळेकडे जास्त. मग मनात येतं, आपली भक्तीच कच्ची आहे. मला विचाराल तर दुखण्यापेक्षा हा विचार जास्त पोखरतो.

कृष्ण काय करतात बघा. 'तुम्ही एवढे ज्ञानी, देह नाशवंत आहे हे तुम्हाला मी सांगायचं का?' असं ते म्हणत नाहीत. ते आधी वर देतात: थकवा, मूर्च्छा, दाह, वेदना, तहान, भूक यांतलं काहीही त्रास देणार नाही आणि बुद्धी निर्मळ राहील. तरीही त्या दिवशी उपदेश होत नाही. संध्याकाळ होते, सगळे परत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्यावर कृष्णांचा पहिला प्रश्न धर्माचा नसतो. रात्र सुखाची गेली ना, बुद्धी आता स्पष्ट आहे ना, मनाला ग्लानी तर नाही, असं ते विचारतात. आपला पेन स्पेशालिस्टही पहिल्यांदा झोपेबद्दलच विचारतो, नाही का? दाह आणि शीण गेला असं भीष्म सांगतात, आणि मग तो एवढा मोठा उपदेश सुरू होतो.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. वेदना बोलून दाखवली, ती ऐकून घेतली गेली, तिच्यावर उपाय झाला, एक रात्र विश्रांती झाली. ज्ञान त्यानंतर.

आजचं वैद्यकशास्त्रही यापासून फार लांब नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला जुनाट म्हणतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, आणि तिच्यातही वेदना हा शरीराचा तसाच भावनेचाही अनुभव मानलाय. मूळ इजा बरी झाली तरी मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवत राहू शकते. कोड दुरुस्त झाला तरी जुना अलर्ट वाजत राहावा तसं. झोप मोडली की दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की मन खचतं, खचलेल्या मनाला तीच कळ मोठी वाटते. नैराश्यावरची काही औषधं दुखण्यासाठीही देतात. चिठ्ठीवर तसलं नाव दिसलं म्हणून 'डॉक्टरांना मी नाटक करतोय असं वाटतं' असा अर्थ काढू नका.

आता एक अडचण. भीष्म पडले तेव्हा दुर्योधनाने बाण काढण्यात निष्णात वैद्य आणले होते. भीष्मांनी त्यांना मानधन देऊन सन्मानाने परत पाठवलं. मग आपणही औषध नाकारावं का? मला तसं वाटत नाही. तो मरणाची वेळ स्वतः निवडलेल्या क्षत्रियाचा निर्णय होता, आणि त्या शय्येवर त्यांना एकूण ५८ रात्री काढायच्या होत्या. आपल्याला ईएमआय आहे, मुलांची शाळा आहे, अजून तीसेक वर्षं काम करायचंय. शिवाय गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला छळणाऱ्या तपाला भगवंतांनी आसुरी म्हटलंय, कारण त्यात आत बसलेल्या त्यालाच त्रास होतो. दुसऱ्या अध्यायात तितिक्षा सांगितलीय ती सुखदुःखं येतात आणि जातात हे ओळखून सोसण्याची. गप्प बसून गोळी न घेण्याची ती आज्ञा नव्हे.

बाबा आमटे आठवतात ते इथे. पाठीच्या कण्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. तरुण मुलं सायकलवर होती आणि बाबांसाठी बसमध्ये झोपायची सोय केलेली होती. दुखणं नाहीच असं त्यांनी दाखवलं नाही, दुखण्याला जागा करून दिली आणि काश्मीरच्या दिशेने निघाले. वारीत चालता येत नाही म्हणून दर आषाढात स्वतःला बोल लावणाऱ्यांनी त्या बसमधल्या बिछान्याचा विचार करावा. नाम आडवं पडूनही घेता येतं, त्याला मांडी घालावीच लागते असं नाही.

आणि एक. दुखण्यापायी जगणंच नको वाटू लागलं असेल, तर ते आज कोणालातरी सांगा. घरच्यांना सांगणं जड जात असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. आणि तुमच्या घरात कोणी असं दुखणं घेऊन जगत असेल, तर उद्या सकाळी चहा देताना कृष्णांचाच प्रश्न विचारून बघा: रात्री झोप लागली का?

उद्याच्या वाचनात भीष्म बोलायला लागतात आणि युधिष्ठिर पुढे यायला लाजतो, तो भाग घेऊ.

राम कृष्ण हरी!