नॉमिनी आई, मग मालक कोण?

प्रश्न : मी २८ वर्षांचा, लंडनमध्ये नोकरी करतो. घरासाठी चार वर्षं लाइफटाइम आयसा या ब्रिटनमधल्या बचत खात्यात दरसाल ४,००० पौंड भरले. सरकारी बोनस धरून २०,००० झालेत. गेल्या वर्षी बाबा गेले. नाशिकचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता, सोसायटीत नॉमिनी आई आहे. काका म्हणतात, इकडे घर होईपर्यंत वारस म्हणून नाव लावू नकोस, नाहीतर आईच्या नावे हक्कसोडपत्र करून मोकळा हो. यातलं कमी खर्चाचं कोणतं? मँचेस्टरला शिकणाऱ्या धाकट्या बहिणीनेही नुकताच आयसा उघडलाय.

उत्तर : खर्चाचं नंतर बघू. चार वर्षांची बचत हातची जाते की काय, ही तुमची खरी भीती आहे. बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावरच अडलंय. त्यात फ्लॅट आईला दिला असेल तर तुम्ही मालक झालाच नाहीत. तेव्हा आधी आईला फोन करा. कपाटातल्या फायली, बँकेचा लॉकर, बाबांचे वकील, सगळीकडे शोधा.

मृत्युपत्र नसेल तर मात्र अवघड आहे. आई नॉमिनी म्हणजे फ्लॅट आईचा, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा एवढंच नॉमिनेशनने ठरतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाबा गेले त्याच क्षणी आई, तुम्ही आणि बहीण, आणि बाबांची आई हयात असेल तर तीही, समान हिश्श्याचे मालक झालात. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढो न चढो.

आता ब्रिटनचा नियम. या आयसातून घरासाठी पैसे काढायचे तर जगात कुठेही, कुठल्याही राहत्या घरात तुमचा हिस्सा आज नसावा आणि पूर्वीही कधी नसावा. वारशाने आलेला हिस्साही धरला जातो. ‘पूर्वीही कधी’ याकडे माणसं लक्ष देत नाहीत आणि बुडतात. हक्कसोडपत्रात तुम्ही जो हक्क सोडता, तो तोवर तुमचा होता हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं. माझ्याकडे एक मुलगी नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून घेऊन आली होती. केवळ आयसा वाचावा म्हणून पुण्याच्या घरातला तिसरा हिस्सा तिने भावाला देऊन टाकला होता. वडील गेल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत अकरा महिने होते. मी दोन्ही तारखांवर बोट ठेवलं, तेव्हा तिला कळलं की हिस्साही गेला आणि सवलतही. आईला हिस्सा द्यायचाच असेल तर आईसाठी द्या, आयसासाठी नको.

नाव न लावता गप्प बसणं हा मार्गच नाही. पैसे काढताना ‘मी पहिल्यांदाच घर घेतोय’ असं निवेदन तुमच्या सहीने जातं. खोट्यावर सही करू नका. सॉलिसिटरला फ्लॅटची सगळी हकिगत लेखी कळवा.

घाबरून पैसेही काढू नका. २०,००० काढलेत तर २५ टक्के, म्हणजे ५,००० कापले जातील. बोनस ४,०००च होता, म्हणजे पदरचे १,००० गेले. ते तिथेच राहू द्या, वयाच्या साठीनंतर बिनादंड मिळतील. घरासाठीची पुढची बचत साध्या कॅश आयसात टाका. उद्या लग्न झालं आणि पत्नीच्या नावावर कधीच घर नसेल, तर तुमच्यासोबत घर घेतानाही तिला स्वतःचा लाइफटाइम आयसा वापरता येतो. खातं वर्षभर जुनं हवं आणि घर कर्ज काढून घेतलेलं, ४,५०,००० पौंडांच्या आतलं. स्टॅम्प ड्यूटीची सवलत मात्र दोघंही पहिल्यांदा घर घेणारे असतील तरच मिळते, ती धरून हिशेब करू नका.

बहिणीची स्थिती तुमच्यासारखीच आहे. ५ एप्रिलच्या आत यंदाचे पैसे भरायचं तिने ठरवलं असेल, तर त्याआधी तिच्याशी बोला.