कोर्टानं सोडलं म्हणजे पुस्तक चांगलं ठरलं का?

प्रश्न : आजोबांच्या कपाटात चंद्रकांत काकोडकरांच्या बऱ्याच कादंबऱ्या सापडल्या. आई म्हणाली, ‘आमच्याकडे ही पुस्तकं उशीखाली ठेवून वाचायचे.’ काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो ते सुप्रीम कोर्टात जिंकले, हे खरं का? मग साहित्याच्या चर्चेत त्यांचं नाव का निघत नाही? कोर्टानं सोडलं म्हणजे पुस्तक चांगलं ठरलं का? आणि ही पुस्तकं ठेवू की रद्दीत घालू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खटला झाला, हे खरं आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, हा तिचा विषय. पुण्याच्या कोर्टात फिर्याद दाखल झाली. खालच्या कोर्टानं आरोपींना सोडलं. हायकोर्टानं तो निकाल फिरवला, २५ रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. २५ रुपये भरून विषय संपवता आला असता. काकोडकरांनी तसं केलं नाही. ते दिल्लीपर्यंत गेले आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. एका दिवाळी अंकातल्या मजकुरासाठी लेखक इतकी वर्षं लढतो, याचं मोल मला फार वाटतं. त्याच्या पाठीशी ना विद्यापीठ होतं, ना साहित्य संमेलन.

पण तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या निकालातच आहे. कथा वरच्या दर्जाची नसेल, अपरिपक्व असेल, अभिरुचीला सोडूनही असेल. तरी तेवढ्यानं ती अश्लील ठरत नाही, असा न्यायमूर्तींचा एकंदर सूर आहे. कामजीवनाचा नुसता उल्लेखही गुन्हा मानायचा म्हटलं तर धार्मिक ग्रंथांखेरीज दुकानात काही उरणार नाही, हेही त्यांनी जुन्या निकालाच्या आधारे सांगितलं. म्हणजे कोर्टानं काकोडकरांना निर्दोष ठरवलं, प्रशस्तिपत्र दिलं नाही. ते कोर्टाचं कामच नव्हे.

याच्या नेमकं उलट प्रकरण पाच वर्षं आधी घडलं होतं. डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला शिक्षा झाली आणि १९६४मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. लॉरेन्स जगन्मान्य लेखक, तरी त्याचं पुस्तक दोषी. काकोडकर वाचनालयांचे लेखक, त्यांची कथा निर्दोष. गुणवत्ता आणि गुन्हा यांचा एकमेकांशी संबंध नाही, याला आणखी कोणता पुरावा हवा? १९६४च्या त्या निकालामागे १८६८ सालची इंग्लंडमधली एक कसोटी होती : मजकूर ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यातल्या कच्च्या मनांवर तो काय परिणाम करील? २०१४मध्ये सुप्रीम कोर्टानं ती बाजूला सारली आणि आजच्या समाजाच्या धारणा प्रमाण मानल्या.

आता समीक्षेबद्दल. इथे माझी तक्रार आहे आणि ती मी मोकळेपणानं मांडतो. गुणवत्तेचा निर्णय करणं हे समीक्षेचं काम, आणि काकोडकरांच्या बाबतीत ते तिनं जवळजवळ केलंच नाही. पुस्तकं फाटेपर्यंत वाचली गेली, वाचनालयांना ती पुन्हा बांधून घ्यावी लागली. पण त्यांच्यावर गंभीर लेख शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही. ज्या वर्षी तो निकाल लागला त्याच वर्षी राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. तो काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला होता. लोकांनी तो सहकुटुंब पाहिला. उशीखालचा लेखक आणि सहकुटुंब पाहायच्या चित्रपटाचा लेखक एकच होता, पण त्यावरही समीक्षकांना लिहावंसं वाटलं नाही.

लिहायचं ठरवलं असतं तर काय विचारायला हवं होतं? माझ्या मते पहिला प्रश्न असा : शृंगाराच्या प्रसंगात पाहतंय कोण, आणि इच्छा कुणाची? हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या तिच्या अनेक गाथा स्त्रियाच बोलतात. एकीत घरची सून मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते की सासू इथे झोपते, मी तिथे. रात्री अंधारात चुकून आमच्या अंथरुणावर पडू नका. बजावणं आणि बोलावणं एकाच वाक्यात. तिथे शरीराचं वर्णन नाही, पण ती बाई अख्खी उभी राहते. साठच्या दशकातल्या लोकप्रिय शृंगारिक कादंबरीत बहुतेक वेळा नायकाची नजर फिरते आणि नायिका पाहिली जाते. तिला काय हवं होतं, हे पान उलटलं तरी कळत नाही. मला ही उणीव अश्लीलतेपेक्षा कितीतरी मोठी वाटते. हा दोष पोलिसाला दिसणार नाही. तो समीक्षकानंच दाखवायचा असतो.

आणि अश्लीलतेची ओरड शृंगार लिहिणाऱ्यांपाशी थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत. १९३४ साली त्यांच्यावर जो खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. तरी कर्व्यांना दंड झालाच. आज तुम्ही असा प्रश्न पाठवू शकता आणि मी त्याला उत्तर देऊ शकतो, त्याची किंमत कर्व्यांसारख्यांनी मोजली आहे.

पुस्तकं रद्दीत घालू नका. त्यातली दोन-तीन तरी स्वतः वाचा, आईलाही विचारा. वाचायच्या त्या बायकांना त्यात काय सापडायचं, हे तिच्याइतकं मला सांगता येणार नाही. आणि कपाटात ‘रंभा’चा १९६२चा दिवाळी अंक निघालाच, तर त्याच्या गंजलेल्या पिना हलक्या हातानं काढा, अंक प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता साध्या कागदात गुंडाळा आणि जुनी नियतकालिकं जपणाऱ्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला दाखवा.