दोन वर्तुळांत दोन धातू

(द्वितीय वर्ष, कला)

तर्कशास्त्र घेतलेल्यांना वेन आकृती परिचित आहे. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी ती १८८० साली मांडली. विज्ञानातील तुलनेलाही ती कशी उपयोगी पडते, हे तांबे आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंवरून पाहू.

प्रथम एक खुलासा. तर्कशास्त्रात वर्तुळ म्हणजे वस्तूंचा वर्ग. शुद्ध तांब्याच्या वस्तू आणि शुद्ध ॲल्युमिनियमच्या वस्तू अशी वर्तुळे काढली, तर सामाईक भाग रिकामाच राहील. म्हणून येथे वर्तुळांत वस्तू नव्हे, गुणधर्म लिहावयाचे. वाचकांनी एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढून ती अशी भरावीत :

डावा भाग (केवळ तांबे) : रंग तांबूस, अणुक्रमांक २९, पाण्याच्या सुमारे ९ पट जड, वितळण्यास सुमारे १०८५ अंश सेल्सिअस उष्णतामान, विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन बाहेर काढत नाही.

उजवा भाग (केवळ ॲल्युमिनियम) : रंग रुपेरी, अणुक्रमांक १३, पाण्याच्या २.७ पट जड. सुमारे ६६० अंशांस वितळते. आम्ल व अल्कली दोहोंशी अभिक्रिया.

मधला भाग (दोन्ही) : ठोकून पत्रा, ओढून तार होते, उष्णता व वीज यांचे सुवाहक, लोहचुंबकाला चिकटत नाहीत.

आकृती पूर्ण झाली, पण विचार येथूनच सुरू होतो. 'विजेचे सुवाहक' हे शब्द मध्ये लिहिले खरे. परंतु सारख्याच जाडीच्या तारेत ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच भरते. उलट सारख्या वजनाचा हिशेब केला, तर ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट सरस ठरते. म्हणूनच मनोऱ्यांवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारांत ते वापरतात, तर घरातील वायरिंगसाठी तांबे पसंत करतात. गुणधर्म एकच, निर्णय मात्र दोन.

डाव्या भागातील शेवटची नोंदही फसवी आहे. तांबे आम्लातून हायड्रोजन काढत नाही, तेव्हा तांब्याच्या भांड्यात ताक ठेवण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष कोणी काढील. घरातील वडीलधाऱ्या बायका मात्र सांगतात, ताक कळकते. खरे त्यांचेच आहे. हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तांबे आंबट पदार्थात विरघळते, आणि असा पदार्थ पोटात गेल्यास मळमळ, उलटी होते. भांड्याला कथलाची कल्हई करतात ती यासाठीच. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर त्याचे रक्षण करतो. पण आंबटाने तोही झिजतो. म्हणून चिंचेचे सार त्यातही साठवू नये.

तात्पर्य, आकृतीत गुणधर्म आहे की नाही एवढेच कळते. प्रत्येक नोंदीपुढे 'किती?' आणि 'कोणत्या परिस्थितीत?' हे दोन प्रश्न आपणच लिहावे लागतात. आपल्या कलाशाखेतही हे लागू आहे. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या मधल्या भागात 'वारकरी संत' एवढे लिहून तुलनेचे उत्तर पुरे झाले, असे मानता येणार नाही.