बेचक्यातलं पाणी

आमच्याकडे लावणी सुरू झाली की चिखल्या आल्याच, असं सगळ्याच बाया धरून चालतात. मी घरची खाचरं लावते आणि आशा सेविका म्हणून वाडीवाडीत फिरते. म्हणजे सकाळी चिखल आणि दुपारी ओल्या चपला. मला झालेल्या चिखल्या पाऊस संपला तरी गेल्या नाहीत, म्हणून हे कळकळीने सांगते आहे.

सुरुवात करंगळीच्या बेचक्यात झाली. ती जागा सगळ्यात अरुंद, तिथे वारा पोचत नाही. कातडी पांढरी पडून फुगली, मग सोलपटं निघाली, खाली लाल चिरा दिसू लागल्या. रात्री पांघरुणाची ऊब मिळाली की झोप उडवणारी खाज. मेंदीचा पाला वाटून लावला, तेवढ्यापुरतं थंड वाटलं. मग औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. खाज लगेच गेली, पण पुन्हा उठली ती पावलावर आणि पुढे जांघेत चकंदळं घेऊन.

तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी आधी ती ट्यूबच मागून घेतली. बुरशीच्या औषधाबरोबर तिच्यात स्टेरॉइड होतं. ते खाज आणि लाली दाबतं, पण कातडीची झुंजायची ताकदही कमी करतं. वरून बरं दिसतं आणि बुरशी पसरत राहते. क्लोबेटासोल, बेटामेथासोन ही नावं ट्यूबवर दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नका. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. बाईंनी कातडीचा भुगा खरवडून तपासायला घेतला आणि बुरशीचं साधं मलम आणि गोळ्या दिल्या. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नसतं. सांगितलेले आठवडे पुरे करायचे, आणि मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही बोटभर लावायचं.

पण खरी गोष्ट औषधाच्या आधीची आहे. आता मी घरोघर विचारते, "काकी, पाय पुसता कशाने?" उत्तर ठरलेलं: "पुसायचे कशाला गो? वाळतात आपसूक." तळवे वाळतात, बेचकी वाळत नाहीत. पाय दिवसातून चारदा धुतले आणि बोटांमध्ये पाणी तसंच राहिलं, तर बुरशीला हवी तीच ओल आपण तिला देतो. मी जुन्या सुती लुगड्याचे वीतभर तुकडे करून ठेवलेत, घरात प्रत्येकाचा वेगळा. एकेक बोट फाकवून टिपायचं, घासायचं नाही. जांघेला तो तुकडा लावायचा नाही. पावडर त्यानंतर, तीही चिमूटभर. ओल्या बेचक्यात तिचा लगदा होतो. टाचांच्या भेगांना कोकमतेल जरूर लावा, बोटांमध्ये मात्र कुठलंच तेल नको.

मोरीबाहेरचं ओलं पायपुसणं हे तर सगळ्या घराला बुरशी वाटणारं ठिकाण. ते रोज बदला. आतले कपडे पायातून चढवताना पाय कोरडे हवेत, आणि मोजे घालणाऱ्यांनी मोजे आधी घालावेत, नाहीतर पायाची बुरशी कपड्याबरोबर जांघेत जाते. शाळेतल्या पोरांचे मोजे रोज धुवा. आषाढात ऊन नसतं, म्हणून ते कढत पाण्यातून काढून चुलीवरच्या दोरीवर वाळवायचे. गमबूट चिखल अडवतो, पण आत घाम साठवतो. घरी आल्यावर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.

आता मधुमेहाबद्दल. हा आजार असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, चीर पडली तरी दुखत नाही. त्यांची बेचकी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज उजेडात बघावीत. पाय सुजला, लाल-गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. चिरेतून आत गेलेले जंतू थांबत नाहीत. आणि लावणीच्या दिवसांत कुणालाही तापाबरोबर अंग, पोटऱ्या मोडून दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना सांगा की मी खाचरात उतरते आणि पायाला चिरा आहेत. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू त्याच वाटेने शिरतात, आणि त्याचं औषध लवकर सुरू व्हावं लागतं.