भिंतीपलीकडचा भाऊ



उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात 'बॉम्बे स्ट्रीट' नावाची एक लहानशी गल्ली आहे. १५ ऑगस्ट १९६९ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, तेथील कॅथलिक कुटुंबांची घरे जमावाने पेटवून दिली. पेटवणारेही येशूचेच नाव घेणारे होते. पुढे या गल्लीच्या मागे कॅथलिक व प्रोटेस्टंट वस्त्यांना अलग करणारी उंच भिंत बांधली गेली. अशा भिंतींना तेथे 'शांतता भिंती' म्हणतात. त्यांतील अनेक आजही उभ्या आहेत.

हे भांडण मिस्सावरून किंवा पोपमहोदयांच्या अधिकारावरून नव्हते. बहुतेक प्रोटेस्टंटांना ब्रिटनबरोबर राहायचे होते, बहुतेक कॅथलिकांना एकसंध आयर्लंड हवे होते. घरे, नोकऱ्या व मतदान यांबाबत कॅथलिकांवर अन्याय होत होता. पण माणसाची ओळख त्याच्या पंथावरून ठरू लागली आणि सुमारे तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक लोक मेले. अखेर १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, शांतता करार झाला.

करार झाला, तरी भिंती का उरल्या? कारण शांतता आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदुका थांबल्या म्हणजे शांतता होते; शेजाऱ्याची भीती संपली म्हणजे समेट होतो. पहिली गोष्ट कराराने मिळते. दुसरीसाठी अंतःकरण बदलावे लागते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६४ साली हेच शिकवले की, अंतःकरणाच्या परिवर्तनाशिवाय ख्रिस्ती ऐक्य खरे होत नाही. हे परिवर्तन कसे घडते, हे आपण तेथील तीन घटनांतून पाहू.

१. आपल्या माणसांचा दोष मान्य करणे. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी एन्निस्किलेन गावात युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणासाठी लोक जमले असता बॉम्बस्फोट झाला. त्या दिवशी अकरा जण मृत्यू पावले. बॉम्ब ठेवणारी आयआरए ही संघटना कॅथलिक समाजातूनच उभी राहिली होती. मृतांत मेरी विल्सन ही तरुण परिचारिका होती. ढिगाऱ्याखाली तिचा हात धरून असलेले तिचे वडील गॉर्डन विल्सन मेथडिस्ट होते. मारेकऱ्यांविषयी मनात द्वेष नाही, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. सर्वांनाच हे जमले नाही. ज्यांना जमले नाही त्यांना आपण दोष देऊ नये. क्षमा ही कृपा आहे. ती दुसऱ्याकडून हक्काने वसूल करता येत नाही.

२. सत्य बोलणे. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातील निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. तेरा जण ठार झाले. त्यांच्या कुटुंबीयांना पंतप्रधानांकडून संसदेत माफीचे शब्द ऐकण्यासाठी २०१० पर्यंत थांबावे लागले. जखम झाकल्याने ती भरत नाही.

३. एकत्र बसणे. बॉम्बे स्ट्रीटजवळच क्लोनार्ड मठ आहे. तेथील कॅथलिक आणि फिट्झरॉय प्रेस्बिटेरियन चर्चचे लोक १९८१ पासून, हिंसाचार चालू असतानाच, बायबल वाचायला एकत्र बसू लागले. याच मठाचे फादर अ‍ॅलेक रीड आणि मेथडिस्ट पाळक हॅरल्ड गुड हे दोघे २००५ साली आयआरएची शस्त्रे निकामी झाल्याचे साक्षीदार होते. दोन्ही समाजांचा विश्वास बसावा म्हणून दोघांचीही साक्ष लागली.

संत पौल इफिसकरांना सांगतो की, वैराची आडभिंत ख्रिस्ताने आपल्या देहाने पाडली आहे (इफिस २:१४). आणि प्रभू आपल्याला सांगतो की, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असल्यास अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करावा (मत्तय ५:२३-२४). प्रभू येथे 'चूक कोणाची' हे विचारत नाही. तो आपल्यालाच आधी निघायला सांगतो.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी आपण स्वतःला विचारू या:

• आपल्या प्रोटेस्टंट शेजाऱ्यांविषयी आपण घरात, मुलांसमोर कसे बोलतो?
• कोणाच्या दारात जाणे आपण वर्षानुवर्षे टाळले आहे? तेथे पहिले पाऊल कोण टाकणार?

शांतीचा राजा प्रभू येशू आपल्याला ते पाऊल टाकण्याचे बळ देवो.