चौघं, चार सायकली आणि वऱ्हाडातली दुपार

फ्रान्सच्या खेड्यांतून उन्हाळ्यात सायकली हाकणाऱ्या दोस्तमंडळींचे व्हिडिओ बघून हुरूप येतोच. तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, भर दुपारीही सायकल चालते. बुलढाणा जिल्ह्यात मात्र एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सायकल उभीच राहणार. म्हणून इथल्या सहलीचा हिशोब किलोमीटरवर नाही, दुपारवर मांडायचा.

मार्ग असा: शेगाव, खामगाव, बोथा घाटातून बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि शेवटी जालना. सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, सावकाश पाच-सहा दिवस. खालचे आकडे चौघांच्या गटासाठी, माणशी आणि अंदाजाने धरलेले आहेत.

पहिला खर्च सायकली पोचवण्याचा, आणि तोच सगळ्यांत त्रासाचा. रेल्वेत सामानाच्या मोफत मर्यादेत सायकल बसत नाही, पार्सल ऑफिसात वेगळी पावती करावी लागते. शेगावला बहुतेक गाड्या जेमतेम एक-दोन मिनिटं थांबतात, तेवढ्यात लगेजच्या डब्यातून चार सायकली उतरत नाहीत. म्हणून अकोल्यासारख्या मोठ्या स्थानकापर्यंत बुकिंग करावं आणि तिथून छोटा हत्ती टेम्पो ठरवावा. दीड-दोन हजारांत सौदा जमला तर माणशी ४००-५००. अंगात जोर असेल तर अकोल्याहूनच पॅडल मारा, पंचेचाळीसेक किलोमीटर सपाट रस्ता आहे.

निघण्याआधी ब्रेकपॅड, दोन ट्यूब आणि पंक्चरचं सामान यांसाठी ७०० रुपये ठेवा. बाभळीचे काटे आणि सराटे इथे फुकट आणि भरपूर मिळतात. गावातला पंक्चरवाला ३०-५० रुपयांत काम करून देईल, पण महागड्या सायकलींना असतो तो बारीक तोंडाचा ‘फ्रेंच’ व्हॉल्व त्याच्या पंपाला बसत नाही. चाळीसेक रुपयांची पितळी टोपी सोबत ठेवली की झालं. फ्रान्सशी आपला एवढाच संबंध.

शेगावला सकाळी पोचा. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासातली खोली तिथे जाऊनच मिळते. ऑनलाइन बुकिंगच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा, त्यात अनेक जण फसले आहेत. खोली वाटून घेतली तर माणशी दीड-दोनशे. महाप्रसादाला पैसे लागत नाहीत. कचोरी मात्र निघताना घ्या. पोटात चार कचोऱ्या घेऊन उन्हात सायकल हाकणं शहाणपणाचं नाही. ऊन उतरलं की वीसेक किलोमीटरवरचं खामगाव गाठा.

आता मुख्य मुद्दा, लॉजचा. खोली घेताना भाड्याआधी एकच प्रश्न विचारा: चेक-आउट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं? चोवीस तासांचं असेल तर सकाळी दहाला शिरून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघता येतं, म्हणजे दुपार आणि रात्र एकाच भाड्यात. बाराचं असेल तर तुम्ही पोचाल तेव्हा खोली रिकामी नसते, नाहीतर दोन दिवसांचे पैसे मागतात. दोघांची साधी खोली ८०० ते १२०० धरा. तळमजल्याची मागा, सायकली आत घेता येतात. कूलरची खोली स्वस्त पडते, पण टाकीत पाणी आहे का ते आधी बघा. कोरडा कूलर गरम वारा फेकतो. मेहकरला मी एसीचे वरचे पैसे देईन, कारण त्या दिवशी पासष्टेक किलोमीटर झालेले असतात.

बोथा घाट पहाटे उजाडल्यावरच चढा. रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, तिथे अस्वलं आहेत. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ २०१९मध्ये सुमारे तेराशे किलोमीटर भटकून याच जंगलात पोचला होता. आपले खामगाव-बुलढाण्याचे पन्नास किलोमीटर त्यापुढे काहीच नाहीत.

जेवणाला दिवसाला ४०० पुरतात. पाण्यात काटकसर करू नका, पण वीस-वीस रुपयांच्या बाटल्याही घेत सुटू नका. वीस लिटरचा गार जार ३०-४० रुपयांत मिळतो, चौघांच्या बाटल्या भरून उरतो. रसवंती, ताक आणि ओआरएस धरून दिवसाला १५० वेगळे ठेवा.

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. खाली पायीच उतरायचं, तेही सकाळी लवकर. त्यामुळे मेहकर-लोणार एवढाच पंचवीस किलोमीटरचा टप्पा ठेवून तिथे मुक्काम करा. पुढे सुलतानपूरहून जुन्या महामार्गाने सिंदखेड राजा; जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजीराव जाधवांचा वाडा तिथे आहे. नकाशात जवळ दिसतो म्हणून समृद्धी महामार्गावर चढू नका, तिथे दुचाकीलाही बंदी आहे.

बेरीज करू. चार-पाच मुक्काम २५००, शेगावची दुपार २००, पाच दिवसांचं जेवण २०००, पाणी-रस ७५०, सायकलीची तयारी ७००, हत्ती ५००. झाले ६६५०. वर ८०० अडीअडचणीला, म्हणजे साडेसात हजारांच्या आत. रेल्वेभाडं आणि पार्सल वेगळं. जालन्याला पोचताच आधी पार्सल ऑफिस गाठा, जेवण नंतर.